शिळफाट्यापलीकडच्या गावात भाड्याने राहताना

नवी मुंबईत घणसोलीच्या सेक्टरमधल्या आमच्या वन बीएचकेचा करार २०२३च्या उन्हाळ्यात संपत आला, तेव्हा मालकांनी पुढचं भाडं सांगितलं: महिना २१,००० आणि डिपॉझिट एक लाख. घरात आई आणि मी. माझी नोकरी महापे एमआयडीसीत, एका कंपनीच्या तपासणी विभागात. भाडं, आईची औषधं आणि गावाकडे पाठवायचे पैसे गेले की महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर हिशेब करत जगायचं, हे मला आणखी एक वर्ष नको होतं. आमच्या पॅकिंग विभागातल्या एक ताई शिळफाट्यापलीकडच्या दहिसर मोरीकडून येतात. डबा खाताना त्या म्हणाल्या, "आमच्या गावात बघ ना. निम्म्याहून कमी पैशात वर मोकळी गच्ची मिळेल. मी असताना तुला कोणी नाही म्हणणार नाही."

त्यांच्या या शेवटच्या वाक्याचं महत्त्व मला पुढे कळत गेलं. मोबाईलवरच्या घरं शोधायच्या ॲपवर या गावातली एकही खोली दिसत नाही. कुठे कुठे विजेच्या खांबावर 'रूम भाड्याने देणे आहे' असा हाताने लिहिलेला कागद असतो. बाकी सगळं किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि देवळाच्या पारावरून समजतं. आणि खोली कुणाच्या तरी ओळखीनेच मिळते. ओळख नसेल तर रिकामी खोलीसुद्धा 'कालच दिली' असते.

शिळफाटा ओलांडून पनवेलच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि आतल्या बाजूला ही गावं लागतात. उत्तरशिव, गोटेघर, दहिसर, पिंपरी, निघू, भंडार्ली, वाकळण, बाळे, नागाव, नारिवली अशी ती नावं. बातम्यांमध्ये त्यांना एकत्रितपणे 'चौदा गावं' म्हणतात. १९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका झाली तेव्हा ती पालिकेत होती, २००७ साली आंदोलन करून बाहेर पडली, आणि पुढे पुन्हा आत घ्या म्हणून मागणी सुरू झाली. मी राहायला गेले तेव्हा कारभार ग्रामपंचायतीकडे होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण घर दुसऱ्याचं आहे आणि त्यांच्या घरातल्या गोष्टी इथे येणार आहेत.

खोल्या बघताना प्रत्येक दारात साधारण तेच प्रश्न आले. माणसं किती? घरात पुरुष माणूस नाही? मच्छी चालते का? गाव कुठलं? पहिल्या एक-दोन घरी मला ते जड गेलं. आईला अजिबात गेलं नाही. ती साताऱ्याच्या माण तालुक्यातली. तिच्या मते, ज्याच्या जिन्यावरून आपण रोज ये-जा करणार, त्याला आपण कोण आहोत हे विचारायचा हक्क आहे, आणि आपणही त्याला तेवढंच विचारायचं. मग तिने खरंच विचारायला सुरुवात केली. सून कामाला जाते का, रात्री गेट कधी लावता, पावसात कुठली भिंत ओली होते, टाकी शेवटची कधी धुतली. घरमालक आधी दचकायचे आणि मग खुर्ची द्यायचे. माझ्या फोनमधली यादी मी त्यानंतर उघडलीच नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः ठरवून केली आणि आजही कुणी विचारलं की सांगते. पाण्याबद्दल घरमालकाला विचारायचं नाही. शेजारच्या घरातल्या, शक्यतो पाणी भरणाऱ्या बाईला विचारायचं. मालक खोटं बोलतात असं नाही, पण मालकाच्या घराला बहुतेक वेळा थेट नळजोडणी असते आणि वरच्या भाडोत्र्याला टाकीतून मिळतं. दोघांचं पाणी एक नसतं. असंच एकदा संध्याकाळी सातनंतर गावात जाऊन यायचं. दुपारी शांत दिसणाऱ्या गल्लीतून रात्री गोदामांकडे जाणारे कंटेनर निघतात का, रस्त्यावर दिवे आहेत का, फोनला रेंज येते का, शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते, हे दिवसा कळत नाही.

शेवटी मिळालं ते घर गावाच्या मधोमध होतं. खाली घरमालकीण आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि पुढे गच्ची. गच्चीवरून एका बाजूला पारसिकचे डोंगर आणि पावसाळ्यात आभाळ उघडलं की पूर्वेला मलंगगडाचे सुळके. भाडं ६,५०० रुपये, डिपॉझिट ३०,०००. आजी सत्तरीच्या, नऊवारी, आगरी बोलणाऱ्या. त्यांनी आईला जवळ बसवून घेतलं, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, तुमी दोघीच? मंग बरा हाय," आणि व्यवहार त्यांच्या बाजूने संपला.

माझ्या बाजूने संपला नव्हता. मला नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, हवा होता. आईचं आधार कार्ड, गॅसची जोडणी, बँकेतला पत्ता, सगळ्याला तो लागणार होता. त्याहून मोठं कारण म्हणजे तीस हजार रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. मी विषय काढला तेव्हा आजींचा चेहरा उतरला. "कागद कशाला पायजे गो? माजी जबान हाय ना. आमचे घरान कोनी कागद नाय केला." त्यांचा मुलगा, ज्यांना मी दादा म्हणते, तेही म्हणाले की गावात अशी पद्धत नाही, याआधीचे भाडोत्री पाच वर्षं शब्दावर राहून गेले.

शब्दावर माझा विश्वास होता. मी त्यांना तसंच सांगितलं. पण हेही सांगितलं की कागद तुमच्याच जास्त कामाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि उद्या भांडण झालं, तर नोंदणी नसताना अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. उलट करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही मी हलले नाही, तर कलम २४ खाली तुम्ही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत घेऊ शकता, आणि मला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दादा ऐकत होते. मग त्यांनी गावातल्या एका घराची हकीकत सांगितली, जिथे भाडोत्री खोली सोडायला तयार नव्हता आणि मालकाच्या हातात काहीच नव्हतं. तिथून ते माझ्या बाजूला आले.

मात्र कागदपत्रं काढायला बसलो आणि एक वेगळीच गोष्ट समोर आली. घरपट्टीची पावती आजोबांच्या नावाची होती. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावरही त्यांचंच नाव. वीजबिलावरही. ज्या घरात आजी लग्न होऊन आल्या, ज्याच्या विटा त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिल्या, त्या घराच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांना ते माहीतही नव्हतं, कारण पावती दरवर्षी भरली जायची आणि डब्यात जायची. त्या दिवशी त्यांनी पावती हातात घेऊन नातवाला पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

मग आधी वारसनोंद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीत अर्ज. आजींना दोन मुलीही आहेत, एक डोंबिवलीजवळच्या गावात आणि एक पनवेलकडे. मुलींचीही नावं वारस म्हणून येतात हे दादांनी न कुरकुरता मान्य केलं. हे मी आवर्जून लिहिते, कारण या पट्ट्यात जमिनीचे भाव असे आहेत की बहिणींची नावं गाळण्यासाठी काय काय केलं जातं ते आम्ही आजूबाजूला ऐकतो. दोघी बहिणी एका रविवारी आल्या, जेवण झालं, सह्या झाल्या. नमुना ८ ही करआकारणीची नोंद असते, मालकीहक्काचा पुरावा नसतो, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. पण नाव लागलं. त्यानंतर बहिणींची आणि दादांची संमती घेऊन करारात घर देणाऱ्या म्हणून आजींचं नाव आलं.

आम्ही तोवर तिथे राहायला गेलो होतो. डिपॉझिट मी आजींच्या बँक खात्यावर पाठवलं, रोख दिलं नाही. भाडंही त्याच खात्यावर जातं. सुरुवातीला दादांना हे जरा लांबचं वाटलं. आता आजी पासबुक भरून आणायला स्वतः जातात.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. दोन्ही पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे फोटो आणि आधारशी जोडलेले ठसे घेतो आणि मसुदा दुय्यम निबंधक कार्यालयाकडे जातो. मुद्रांक शुल्काचा हिशेब सोपा आहे: मुदतीतलं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्याच्या पाव टक्का. आमच्या रकमेला ते दोनशेच्या आसपास आलं. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये, महापालिका हद्दीत १,०००. वर एजंटची फी. एवढ्या खर्चासाठी लोक करार टाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजींचा ठसा यंत्र घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी. एजंट म्हणाला, या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचं असंच होतं, बोटांवरच्या रेषा राहिलेल्याच नसतात. वर्षानुवर्षं चिखलात भाताची आवणी, विळा, राख लावून घासलेली भांडी. सुनेने कोमट पाणी आणलं, आईने आजींचे हात धुतले, पुसले, थोडं खोबरेल लावून पुन्हा पुसले. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम झालं. पडद्यावर आजींचा फोटो आणि नाव आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या माजाच घर लिवलाय ना?" नातवाने हो म्हटलं.

करारात मी तीन गोष्टी लिहून घेतल्या होत्या. वरच्या मजल्याला वेगळा वीज मीटर नसल्यामुळे सबमीटर लावायचा आणि युनिटला जो दर बिलात पडेल तोच घ्यायचा. गळती आणि टाकीची दुरुस्ती मालकाकडे. आणि नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं कामही दादांनी लगेच करून टाकलं.

पाण्याबद्दल करारात लिहून उपयोग नसतो, पण पाण्यावरच इथलं सगळं आयुष्य ठरतं. आम्ही गेलो तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, पहाटे, आणि केव्हा बंद होईल त्याचा नेम नसे. उन्हाळ्यात त्यातही खंड पडायचा आणि मग टँकर. गावात बोअर आहेत, पण पिण्याला बहुतेक जण ते वापरत नाहीत. खालची टाकी भरली की मोटर लावून वरची भरायची आणि त्याच वेळी वीज गेली तर बादल्यांनी जिना चढायचा. घणसोलीत चोवीस तास नळ उघडायची सवय लागलेल्या मला पहिले काही आठवडे पहाटे उठून मोटरचा आवाज ऐकत बसावं लागलं.

आईला यात नवीन काहीच नव्हतं. माणदेशात ती लहानपणी आडावर रात्र काढायची. तिने घरात आल्या आल्या पाण्याची भांडी वेगवेगळी केली: पिण्याचं, स्वयंपाकाचं, वापरायचं. भाज्या धुतलेलं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. पिण्याचे हंडे दर वेळी पूर्ण रिकामे करून, घासून भरायचे. खालच्या वहिनींनी हे बघितलं आणि एकदा टँकर आला नाही तेव्हा त्या वर येऊन आमच्याकडून दोन हंडे घेऊन गेल्या. भाडोत्र्याकडून मालकिणीने पाणी नेलं ही गोष्ट गल्लीत सांगितली गेली. मला वाटतं त्या दिवसापासून आईला लोक 'वरची भाडोत्रीन' न म्हणता 'सातारची आई' म्हणायला लागले.

कुणी मला विचारलं की स्वस्त पडतं का, तर मी हिशेब पूर्ण सांगते. भाड्यात वाचलेल्या पैशांतले काही टँकरच्या वाट्याला जातात. मोठी पिंपं आणि पाण्याचा फिल्टर घ्यावा लागला. स्कूटरचं पेट्रोल वाढलं. गावात चांगला डॉक्टर रात्री मिळत नाही, त्यामुळे आईला छातीत दुखलं तेव्हा दादांनी गाडी काढून कळव्याच्या दिशेने नेलं, आणि शिळफाट्याच्या कोंडीत आम्ही अडकलो होतो ती वेळ मी विसरणार नाही. नंतर ते पित्त निघालं. पण म्हातारं माणूस घरात असेल तर खोली बघायच्या आधी रुग्णालयाचं अंतर बघा, आणि ते रात्री कोंडीच्या वेळी किती पडतं ते बघा. एवढं सगळं धरूनही महिन्याला माझ्या हातात पूर्वीपेक्षा आठ-नऊ हजार जास्त राहतात. त्यातून आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कर्ज न काढता झालं.

महाप्याहून परतताना डोंगर ओलांडून शिळफाट्याला यावं लागतं. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारही बाजूंचे ट्रक तिथे एकमेकांत घुसतात. पाऊस असेल तर अर्ध्या तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. बेलापूरला काम असेल तर मी आता दुसरी वाट धरते. तळोज्याकडे जाऊन पेंधरहून मेट्रो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती सुरू झाली आणि आमच्यासारख्यांना मोठा आधार झाला.

गावात राहणं म्हणजे गावाच्या वर्षाबरोबर राहणं. लग्नसराईत हळदीच्या रात्री झोप नसते. आवाज इतका असतो की खिडकीच्या काचा थरथरतात. मी दादांना एकदा सरळ सांगितलं की आईला त्रास होतो. त्यांनी आवाज कमी करता येणार नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्या रात्री आम्हां दोघींना झोपायला गावाच्या टोकाला आपल्या चुलतभावाकडे पाठवलं. आवाजाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना आणि दहावीच्या मुलांना तो सोसत नाही, आणि गावातल्याच बायका हे आता बोलायला लागल्या आहेत.

पण याच गावात मी पहिल्यांदा शेवळं ही रानभाजी बघितली. पावसाच्या तोंडावर रानातून बायका ती जुड्या करून आणतात. नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडं ही आंबट रानफळं घालतात. आजींनी आईला शेजारी बसवून कुठला भाग काढायचा, किती शिजवायचं हे दाखवलं. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्याही. आईने त्यांना हुलग्याचं माडगं शिकवलं. आजी तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या, त्यांना ज्वारीची भाकरी कोरडी लागते. आई उलट म्हणते की तांदळाच्या भाकरीने पोट भरल्यासारखं वाटत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. आजींचं थोडं शेत उरलं आहे. जुलैमध्ये राबातली रोपं उपटून आवणीला बायका मिळेनात तेव्हा आईने कासोटा घातला आणि बांधावर गेली. मी अडवलं, तिने ऐकलं नाही. शेजारच्या खाचरांत मात्र भराव पडला आहे. तिथे पत्र्याची गोदामं उभी राहिली, आणि त्यामुळे पाण्याची वाट बदलून आजींच्या शेतात पावसाळ्यात पाणी तुंबतं.

भाडोत्र्याची जागा गावात ठरलेली असते. गणपतीला प्रत्येक घरी बोलावणं येतं, मयताला जावंच लागतं, देवळाच्या कामाची वर्गणी आमच्याकडूनही घेतात आणि मी मनापासून देते. पण गावाच्या बैठकीत आमच्यासाठी खुर्ची नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने चौदा गावं पुन्हा नवी मुंबई महापालिकेत घेतल्याची अधिसूचना निघाली. त्याआधी आणि नंतर गावात दोन तट होते. एक म्हणायचा, पालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी येईल, गटारं होतील, दवाखाना होईल. दुसरा म्हणायचा, आधी कर येईल, मग बांधकामांवर नोटिसा. आमच्या घरातही दादा पालिकेच्या बाजूने आणि त्यांचे चुलतभाऊ विरोधात. जिन्यावर उभं राहून मी हे सगळं ऐकायची. मला कुणी विचारलं नाही. आता या गावांमध्ये भाड्याने राहणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. गोदामात काम करणारे, तळोज्याच्या कारखान्यात जाणारे, मोठ्या प्रकल्पांवरचे कामगार. पाणी तेही भरतात, कचरा त्यांच्याही घरातून निघतो. त्यांना बैठकीत बसवलं तर बिघडणार काहीच नाही, असं मी दादांना सांगितलं आहे. मी माझ्या आणि आईच्या मतदार यादीतल्या पत्त्यासाठी अर्ज केला तो याच विचाराने. त्यालाही करार लावला.

भाडी वाढायला लागली आहेत. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून येणारा २१ किलोमीटरचा बोगदा शिळफाट्याजवळ बाहेर पडतो. ऐरोलीहून कटई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पारसिकच्या डोंगरातही बोगदा आहे. कामावरचे इंजिनिअर आणि मुकादम खोल्या घेतात आणि मागतील ते भाडं देतात, कारण ते कंपनी भरते. आमच्या गल्लीत आमच्याएवढ्याच दोन खोल्या नऊ हजारांना गेल्या. तिसऱ्या कराराच्या वेळी दादा संकोचून वर आले. नव्या हद्दीप्रमाणे नोंदणीचे हजार रुपये ते देणार होते, पण भाडं साडेसात हजार करायचं होतं. मी हो म्हटलं, ते वाजवी होतं. मग त्यांनी खरी गोष्ट काढली. बहिणींशी बोलणं चालू आहे, घर पाडून नवीन बांधायचा विचार आहे, एखाद्या बिल्डरकडून विचारणाही झाली आहे. आजींचं नाव कागदावर असल्यामुळे त्यांच्या सहीशिवाय काही होणार नाही, आणि आजी अजून तयार नाहीत.

मी त्यांना विचारलं, की तसं ठरलंच तर आम्हाला किती आधी कळेल. आईला घेऊन नवीन जागा शोधणं महिन्याभरात होत नाही. दादा म्हणाले, तीन महिने आधी सांगतो, शब्द देतो. मी काही बोलायच्या आत खालून आजींचा आवाज आला, "कागदावर लिव तिचे!" नव्या करारात आता मालकाने द्यायची नोटीस तीन महिन्यांची आहे, माझ्याकडून एक महिन्याची, आणि डिपॉझिट खोली सोडायच्या आठ दिवस आधी परत, म्हणजे पुढच्या जागेला ते भरता येईल.